अळणी पथ्य

न्हावऱ्याच्या चांदभाई मणियाराचा हात पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होता, आणि यात वावगं काहीही नाही. बाईमाणूस परक्या पुरुषाच्या हातात हात देते ती फक्त बांगडीवाल्याच्या, आणि तेही भर ओसरीवर, सासूच्या देखत. चांदभाई समोर मांडी घालून बसायचा, बाईचा अंगठा आत मुडपायचा, त्याखालचा मांसल भाग हलकेच दाबायचा आणि कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली असं बोलता बोलता बांगडी चढवायचा. बाई शेवटी विचारायची, "चढली व्हय?" तोवर पुढच्या दोन चढलेल्या असायच्या. भरून झालं की ती बाई त्याला वाकून नमस्कार करी आणि तो म्हणे, "चुडा अखंड ऱ्हाऊ दे, बाय." हिंदूच्या घरची सवाष्ण मुसलमानाला नमस्कार करते याचं त्या काळी कुणाला नवल वाटत नव्हतं. बांगडीवाला हा बांगडीवाला असतो, त्याला जात विचारत नाहीत.

बांगडी फुटली, असं कुणी म्हणत नाही. ती 'वाढते'. फुटणं हा शब्दच अशुभ. चांदभाईच्या हातून बांगडी वाढत नसे. त्याच्या बापाच्या हातून वर्षाकाठी एखादी वाढायची, म्हणून बाप पोराचा हेवा करायचा असं मुमताज सांगे. मुमताज म्हणजे चांदभाईची बायको. तिचं माहेर भांडगावचं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. नवरा घरोघर फिरायचा आणि ही घरी बसून बांगड्यांच्या लडी बांधायची.

दुखणं आलं ते आधी दुखण्यासारखं दिसलंच नाही. चांदभाई मुळात बोलका, तो जास्त बोलायला लागला. मुळात उदार, तो जास्त उदार झाला. झोप उडाली, पण थकवा नाही. घर झाडून काढायचा, मशिदीचं अंगण झाडायचा, मग देवळाचं झाडायचा. एके दिवशी शेजारच्या निमोणे गावात देवळाच्या पायरीवर बसून त्यानं अख्खी पेटी रिकामी केली. येईल त्या पोरीचे, म्हातारीचे हात भरले, आणि बाया संपल्या तेव्हा एका शेळीच्या शिंगांत बांगड्या अडकवल्या. लोक पोट धरून हसले. ही गोष्ट न्हावऱ्याला पोचली तेव्हा मुमताज मात्र हसली नाही. पुढच्याच आठवड्यात तो दौंड स्टेशनात गेला आणि गाडी माझ्या हुकमाशिवाय सुटणार नाही म्हणून फलाटावर उभा राहिला. तिथून त्याला धरून आणला आणि घरच्या खांबाला दोरीनं बांधून ठेवला.

मग भरती ओसरली आणि दुसरं टोक आलं. तोच माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. भाकरी पुढं ठेवली तर खायची, नाही ठेवली तर मागायची नाही. आपण मुमताजच्या गळ्यातली धोंड आहोत एवढं एकच त्याला दिवसभर वाटत राही, आणि ते तो बोलतही नसे. दोन्ही टोकं आळीपाळीनं येऊ लागली. मिरचीची धुरी झाली, ताईत झाला, उतारा झाला. दोन्ही धर्मांचे उपाय झाले. दुखण्यानं कुणाचाच मान ठेवला नाही.

मुमताजचा भाऊ इलाही ट्रक चालवायचा. पुण्यात माल टाकता टाकता त्याच्या कानावर एका डॉक्टरचं नाव आलं होतं. साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती, आणि वेडावर नुसतं कोंडून ठेवण्यापलीकडं काही औषध निघालंय, असं मोठ्या शहरांतून बोललं जाऊ लागलं होतं. इलाहीनं मेव्हण्याला ट्रकमध्ये घातलं, बहिणीलाही सोबत घेतलं आणि पुण्याला नेलं.

डॉक्टर हळू बोलणारे होते. त्यांनी गोळ्या दिल्या. औषधाचं नाव लिथियम. "हा एक क्षार आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे नवा आहे. यानं दुखणं मुळातून जाणार नाही, मनाचा तोल राहील. म्हणून रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. पाणी भरपूर प्यायचं. जेवणात मीठ नेहमीइतकंच, कमी नको आणि जास्त नको. उन्हात घाम गाळत फिरायचं नाही. उलट्या-जुलाब झाले, बोलणं अडखळलं, पाय लटपटले, तर गोळी थांबवायची आणि सरळ इकडे यायचं. आणि दर महिन्याला रक्त तपासायला या. औषध थोडं जास्त झालं तर विष होतं."

चांदभाईनं सगळं मान हलवून ऐकलं आणि विचारलं, "आन् पथ्य काय, साहेब?"

"सांगितलं तेच," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडं वळले.

घोटाळा झाला तो इथं. आपल्याकडं पथ्य म्हणजे सोडणं. वैद्य म्हणतो तेल सोड, हकीम म्हणतो आंबट सोड, देवऋषी म्हणतो कोंबडी सोड, ती मला दे. आयुष्यभर चांदभाईनं पथ्य ऐकलं ते असं. 'मीठ खा, पाणी पी' हे कानांवरून गेलं, पण त्याला ते पथ्य वाटलंच नाही. खायला सांगतात ते कसलं पथ्य! बिनपथ्याचं औषध मिळालं याचा त्याला आनंद झाला, आणि थोडा संशयही आला. जे औषध काही सोडायला लावत नाही, ते लागू कसं पडणार?

पण पडलं. त्या वर्षी भरती आली नाही आणि ओहोटीही आली नाही. दोरी खुंटीवर टांगलेली होती, ती मुमताजनं काढून शेजारच्या गाईला दिली. चांदभाई पेटी उचलून पुन्हा निमोण्याला जाऊ लागला. झोपायच्या वेळी झोपायचा, हसायच्या वेळी हसायचा. खरं सांगायचं तर हसणं थोडं कमीच झालं होतं. भरतीच्या दिवसांत जगातल्या प्रत्येक काचेत त्याला रंग पेटलेले दिसायचे, आता हिरवं ते नुसतं हिरवं होतं. त्या दिवसांची त्याला कधी कधी आठवण यायची, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

गोळीनं आणखीही काही आणलं होतं. तोंडाला कायम तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव. अंगावर मांस चढलं. तहान तर अशी की न्हावरे ते निमोणे वाटेवरची एकही विहीर अनोळखी राहिली नाही. आणि एवढं पाणी पोटात गेल्यावर पुढचं आलंच, बांगड्या भरता भरता "आलोच" म्हणून उठावं लागे आणि बाया पदराआड हसत. हे सगळं त्यानं पचवलं. पण हात थरथरू लागला. जास्त नाही, अगदी बारीक. मांडीवर हात ठेवला तर काही नाही, बोटं पुढं केली की सुरू. चहाचा कप उचलताना बशीवर वाजायचा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर कुणाला कळलंही नसतं.

निमोण्यात एका नव्या सुनेच्या हातात पहिली बांगडी वाढली. मनगटावर रक्ताचा थेंब आला. "वाढली, वाढली, इडापिडा गेली," असं चांदभाई घाईनं बोलला, पण सासूच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच. नंतर दुसऱ्या घरी तेच झालं. मग बाया म्हणू लागल्या, "आज ऱ्हाऊ द्या, चांदभाई, म्होरल्या बाजारी बघू." कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं गोळ्यांची बाटली मुमताजपुढं ठेवली.

"ह्या गोळ्या बंद करतो. हात ग्येला तर मणियार कसला?"

"आन् डोकं ग्येलं तर?" मुमताज म्हणाली.

"हात हवा का डोकं, ते तरी सांग."

"मला तुमी हवं," ती म्हणाली. "दोरीवाचून." आणि बाटली उचलून तिनं फळीवर ठेवली. शिवाय गेल्या पंधरा वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली. खांबाला बांधलेल्या नवऱ्याला घास भरवताना बाईच्या जिवाचं काय होतं, ते तिनं सांगितलं. चांदभाईनं गोळी गिळली. त्यानंतर त्यानं गोळी एकदाही चुकवली नाही.

पण मुमताजनंही हाताची गोष्ट मनाला लावून घेतली. येत्या गुरुवारी ती माळावरच्या पिराला गेली आणि नवस बोलून आली: मालकाचा हात थिर होईस्तोवर मीठ खाणार नाही. तिच्या आईनं तिच्या लहानपणी असाच नवस केला होता, आणि मुमताज देवीतून उठली होती. गावातल्या बाया तर शुक्रवार, सोमवार अळणी धरतच. देव हिंदूंचा असो की पीर असो, मीठ सोडलं की त्याला लक्ष द्यावंच लागतं, असा सगळ्यांचा अनुभव.

एका चुलीवर दोन कालवणं कोण करतं? मुमताज कालवण अळणीच करायची आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवायची. पहिल्या दिवशी चांदभाईनं मीठ घेतलं. समोर ती अळणी वांगं भाकरीला लावून, चेहऱ्यावर काही न दाखवता, गिळत होती. आपल्या हातासाठी ती हे खातेय, आणि आपण मिटक्या मारतोय, याची त्याला मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो मिठाची चिमूट उचलायचा आणि तिची पाठ वळली की चुलीच्या राखेत टाकायचा. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती अळणी खाऊ देणार नाही. शिवाय त्याचा स्वतःचा हिशोबही होता. नवस एकटीनं ओढण्यापेक्षा दोघांनी ओढला तर लवकर हलेल. आणि औषधाला पथ्य नव्हतं ना, ते आता मिळालं.

वैशाख लागला होता. लग्नसराई, म्हणजे मणियाराचे कमाईचे दिवस. उन्हातान्हात हिंडणं, घामानं सदरा भिजून वाळून पुन्हा भिजणं. त्या गडबडीत रक्त तपासायला पुण्याला जाणं राहून गेलं. थरथर कमी होण्याऐवजी वाढली. आता कपच धरवेना. नवस कडक झाला पाहिजे म्हणून त्यानं लोणचं आणि पापडही बंद केले. पोट बिघडलं, जुलाब सुरू झाले. ऊन लागलं, असं म्हणून मुमताजनं कांदा ठेचून हुंगायला दिला. डॉक्टरचं बोलणं दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. आठवली ती फक्त 'रोज घ्यायची' एवढी गोष्ट, कारण गोळी चुकली तर पुन्हा दोरी, ही भीती होती.

भांडगावात धुरपदाच्या लेकीचं, अनसाचं, लग्न निघालं. धुरपदा मुमताजच्या माहेरची शेजारीण. त्या आळीला चांदभाई जावई, त्यामुळं धुरपदा त्याला 'जावईबापू' म्हणायची आणि चेष्टा करताना हातचं राखायची नाही. तिनं कधीचंच सांगून ठेवलं होतं, "लेकीचा हिरवा चुडा जावईबापूंच्याच हातचा." मुमताज म्हणाली नका जाऊ, पोट बरं नाही. पण एवढं एक घर त्याच्यावर विश्वास टाकून होतं. तो निघाला, आणि मुमताजही सोबत निघाली.

एस.टी.तून उतरला तेव्हा रस्ता त्याला कलता वाटला. मांडवापर्यंत येईतो पाय फेंगडे पडू लागले. नवरीसमोर तो बसला, म्हणजे जवळजवळ पडलाच. अनसानं हळदीचा हात पुढं केला. त्यानं तिचा अंगठा मुडपला, पहिली बांगडी घातली, हाताला मोठा झटका बसला आणि बांगडी वाढली. दुसरी वाढली. तिसऱ्या वेळी मुठीतल्या सगळ्याच बांगड्या फरशीवर पडल्या. नवरीच्या हातात हिरवा चुडा वाढतो, ही साधी गोष्ट नाही. बायांनी तोंडाला पदर लावले. माफ करा म्हणायचं चांदभाईच्या मनात होतं, पण जीभ जाड झाली होती आणि तोंडातून नुसता घोळ आला.

"आरं, ह्यो तर पिऊन आलाय!" मागून कुणीतरी बोललं.

जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसानं ते ऐकलं. त्याला सगळं कळत होतं. कोण बोललं तेही कळलं. फक्त उत्तर देता येत नव्हतं. मुमताज पुढं धावली, तेवढ्यात धुरपदानं खाली वाकून सरळ त्याच्या तोंडाशी नाक नेलं. नवरीच्या आईनं, भर मांडवात.

"वास न्हाई," ती उठून म्हणाली. "जावईबापू आजारी हाईत. इलाहीला हाक मारा, ट्रक काढाय लावा. आन् काचा मी गोळा करते, माझ्या लेकीचं काय वाईट हुत न्हाई. वाढायच्या त्या बांगड्या वाढल्या, इडापिडा गेली."

पुण्याला पोचेपर्यंत त्याला दोनदा उलटी झाली. मग काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा हातात सुई होती आणि वर टांगलेल्या बाटलीतून पाणी थेंबथेंब येत होतं. ते मिठाचं पाणी होतं, हे त्याला नंतर कळलं.

डॉक्टर मुमताजला विचारत होते. गोळ्या जास्त घेतल्या? नाही, एकबी जास्त न्हाई, एकबी कमी न्हाई. पाणी? पितात की, रांजण पितात. जुलाब? व्हय, आठवडा झाला. "जुलाब झाले तर गोळी थांबवा म्हणालो होतो ना!" डॉक्टरचा आवाज चढला. मग ते म्हणाले, "आणि मीठ?"

"मीठ मी सोडलंय, साहेब. नवस हाय. ह्येंच्या ताटाला वाटी असती."

चांदभाईची जीभ अजून जड होती. पण हे सांगणं भाग होतं. "म्याबी," तो म्हणाला.

मुमताजनं त्याच्याकडं पाहिलं. काही वेळ तिला अर्थच लागला नाही. मग लागला.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. "अहो, अंगात मीठ कमी पडलं की शरीर मिळेल तो क्षार धरून ठेवायला बघतं. मिठासोबत हे औषधही धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. त्यात घाम, त्यात जुलाब. तुम्ही रोज तेवढीच गोळी घेत होता, पण अंगात ती साठत चालली होती. अजून थोडे दिवस गेले असते तर मी काही करू शकलो नसतो. मी सांगितलं होतं मिठाचं."

"तुमी खा म्हणाला व्हता, साहेब," चांदभाई म्हणाला. "पथ्य हाय म्हणाला न्हवता."

डॉक्टर म्हणाले, "बरं. आता सांगतो. मीठ खाणं हेच तुमचं पथ्य. जन्मभर."

हाताचंही त्यांनी लपवलं नाही. गोळी कमी करू, थरथर कमी होईल, पण समूळ जाईल असं मी म्हणत नाही. चांदभाई पांढऱ्या चादरीवरच्या आपल्या हाताकडं बघत बसला. रडू आलं ते त्यानं येऊ दिलं. डोकं राहणार होतं आणि हात जाणार होता. निवड झालेली होती, ती मुमताजनं फळीवर बाटली ठेवली तेव्हाच झाली होती, फक्त त्याला आज कळत होती.

पुढं काय झालं ते न्हावऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. मुमताज त्याच्याबरोबर फिरायला लागली. तो बाईचा अंगठा मुडपून द्यायचा, मनगट बघून माप सांगायचा, आणि बांगडी ती चढवायची. अनसा पहिल्या सणाला माहेरी आली तेव्हा धुरपदानं दोघांनाही पाटावर बसवलं, आणि पोरीनं दोघांनाही नमस्कार केला. पण त्याआधीची, दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली.

मुमताजनं वांग्याचं कालवण केलं. त्याच्या ताटात मीठ घालून, आपल्या ताटात अळणी. तो बघत राहिला.

"अजून?"

"नवस हात थिर होईस्तोवरचा हाय," ती म्हणाली. "हात थिर न्हाई. मग कशी खाऊ?"

"आगं, त्या नवसानंच मी मरत व्हतो."

"तुमी मीठ सोडल्यानं. मी सोडल्यानं न्हवं." तिनं आपलं ताट जवळ घेतलं. "नवस मोडला आन् पुन्यांदा दोरी काढायची पाळी आली तर? मी पिराला काय सांगू? तुमी खावा, डॉक्टरनं सांगितलंय. माझं मी बघते."

म्हणजे हात थिर होणार नव्हता, आणि ही बाई मरेपर्यंत अळणी खाणार होती. आणि आपण रोज तिच्यासमोर बसून पथ्य म्हणून मीठ खाणार. चांदभाईनं आपलं ताट पुढं सारलं.

"तू न्हाई तर म्याबी न्हाई."

"काय बोलता हे! मराल!"

"मग मला मारू नगंस."

त्यानं वाटीतून मिठाची चिमूट उचलली आणि तिच्या ताटावर हात धरला. तिनं ताटावर आपला पंजा आडवा ठेवला. त्यानं हात मागं घेतला नाही. पुढं केलेली बोटं थरथरू लागली आणि चिमटीतलं मीठ आपोआप सुटून तिच्या पंज्यावर पडत राहिलं. थांबवायचं म्हटलं तरी त्याला ते थांबवता आलं नसतं. मुमताज त्या हाताकडं बघत राहिली. ह्याच हाताच्या थरथरीसाठी तिनं मीठ सोडलं होतं.

तिनं पंजा काढून घेतला. उरलेलं मीठ कालवणात पडलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जास्त झालं," ती म्हणाली.

"हातच तसा हाय," चांदभाई म्हणाला, आणि त्यानं आपलं ताट जवळ ओढलं.